टॉमकॅटचा ॲक्सेस लॉग: काय लिहायचं, किती लिहायचं आणि साहेबांना कसं पटवायचं?

भीमाकाठचा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दूध संकलनाच्या एका सॉफ्टवेअरची देखभाल सध्या माझ्या गळ्यात आहे. गावोगावची केंद्रं सकाळ-संध्याकाळ आकडे भरतात. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि काही केंद्रं वजनकाट्याचा फोटोही चढवतात. मांडणी साधी आहे. पुढे एनजिन्क्स (रिक्वेस्ट घेऊन मागे देणारा प्रॉक्सी सर्व्हर), त्याच मशिनवर मागे टॉमकॅट ९ (जावा ॲप चालवणारा सर्व्हर), आणि त्यात कुणीतरी कधीतरी लिहून सोडून दिलेलं वॉर, म्हणजे जावा ॲपची बांधलेली फाइल. लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेले.

प्रश्न असे:

एक, ॲक्सेस लॉगमध्ये (आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ लिहिली जाते ती फाइल) प्रत्येक ओळीला आयपी १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता, दिसतो. अख्खा तालुका माझ्याच सर्व्हरवर बसून दूध घालतोय!

दोन, केंद्रचालकांची ओरड आहे की सकाळी सातला पेज नुसतं फिरत राहतं. म्हणून लॉगच्या पॅटर्नमध्ये (ओळीत काय काय छापायचं ते ठरवणारं ॲट्रिब्यूट) कॅपिटल डी टाकून रिक्वेस्टला लागलेली वेळ बघितली. ३०, ४५, फार तर १२० मिलिसेकंद. लॉगच्या मते सगळं आलबेल, आणि फोनवर मी शिव्या खातोय.

तीन, साहेबांचा हुकूम सुटलाय: "प्रत्येक रिक्वेस्ट बॉडीसकट लॉग करा." बॉडी म्हणजे रिक्वेस्टमधून पाठवलेला सगळा मजकूर. एका केंद्राचा आकड्यावरून वाद झाला. केंद्रवाला म्हणतो मी एवढे लिटर भरले, सिस्टिममध्ये दिसतात वेगळे. साहेबांना पुरावा हवाय.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर उपकार होतील. तिसऱ्यावर मतं हवीत. मोबाईलवरून देवनागरीतच टंकतोय, तेव्हा ॲट्रिब्यूटची नावं सांभाळून घ्या.

---

पडवळ | रात्री ९:५२

साहेबांना सांगा, बॉडी लॉग करतो, पण डिस्कचं बिल तुमच्या पगारातून.

(जागा धरून ठेवतोय. जाणकार येतीलच.)

---

रात्रपाळी | रात्री १०:१५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण त्यात एक खोच आहे आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

एनजिन्क्सकडून एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर (मूळ पाठवणाऱ्याचा आयपी सांगणारी ओळ) जातोय ना, ते आधी बघा. जात नसेल तर प्रॉक्सी-सेट-हेडरची ओळ घाला. मग टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये होस्टच्या आत रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह लावा (व्हॉल्व्ह म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो टॉमकॅटचा टप्पा). इथपर्यंत सगळे करतात, टॉमकॅट रिस्टार्ट करतात, आणि लॉगमध्ये पुन्हा १२७.०.०.१ बघून डोकं धरून बसतात. कारण ॲक्सेस-लॉग-व्हॉल्व्ह आपल्या मनाने तो बदललेला आयपी घेत नाही. त्याच्यावर रिक्वेस्ट-ॲट्रिब्यूट्स-एनेबल्ड हे ट्रू करावं लागतं. डीफॉल्ट फॉल्स आहे.

इंटर्नल-प्रॉक्सीजची यादी तुम्हाला बदलावी लागणार नाही. १२७, १०, १९२.१६८ वगैरे खासगी पत्ते त्यात आधीपासून असतात.

---

नवशिकी | रात्री १०:२१

मग रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह हवाच कशाला? पॅटर्नमध्ये सरळ एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर छापला तर?

---

रात्रपाळी | रात्री १०:३४

@नवशिकी, छापता येतो की. पण तो हेडर कुणीही आपल्या हाताने भरून पाठवू शकतं. ब्राउझरने "मी ८.८.८.८" असं लिहून पाठवलं तर एनजिन्क्स सहसा त्याच्या मागे स्वल्पविराम देऊन खरा पत्ता जोडतो. म्हणजे यादीत डावीकडची माहिती पाठवणाऱ्याच्या मर्जीची आणि उजवीकडची आपल्या प्रॉक्सीने लिहिलेली. व्हॉल्व्ह उजवीकडून वाचत येतो, ओळखीचे प्रॉक्सी सोडून देतो आणि पहिला अनोळखी पत्ता धरतो. लोक स्वतःचा कोड लिहितात तेव्हा हमखास डावीकडचा पहिला उचलतात. मग आयपीवर मर्यादा घातली तरी ती कुणालाही चुकवता येते.

आणि व्हॉल्व्हमुळे ॲप्लिकेशनच्या आतसुद्धा खरा आयपी दिसतो. लॉगपुरतं नाही.

---

मुक्ता_के | रात्री ११:०५

भीमाकाठचा, तुमचा दुसरा प्रश्न जास्त गंमतीचा आहे. टॉमकॅट खोटं बोलत नाहीये. त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो सांगतोय.

एनजिन्क्समध्ये प्रॉक्सी-रिक्वेस्ट-बफरिंग मुळातच चालू असतं. म्हणजे काय, तर केंद्रावरून येणारा फोटो पूर्ण एनजिन्क्सपाशी पोचेपर्यंत टॉमकॅटला त्या रिक्वेस्टचा पत्ताच नसतो. फोटो अर्धा मिनिट रांगत येऊ दे. पूर्ण आला की एनजिन्क्स तो लोकल सॉकेटवरून एका झटक्यात मागे ढकलतो. टॉमकॅटचं घड्याळ तिथे सुरू होतं. उत्तराचंही तसंच. टॉमकॅट उत्तर एनजिन्क्सच्या हवाली करून मोकळा होतो, पुढे ते गावात पोचायला किती वेळ लागला हे त्याला कळत नाही.

तेव्हा एनजिन्क्सच्या लॉग-फॉरमॅटमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी छापा: रिक्वेस्ट-टाइम आणि अपस्ट्रीम-रिस्पॉन्स-टाइम. पहिल्यात ग्राहकाकडून पहिला बाइट वाचल्यापासून शेवटचा बाइट पाठवून ओळ लिहीपर्यंतचा सगळा वेळ येतो. दुसऱ्यात फक्त टॉमकॅटने घेतलेला. दोन्ही मोठे असतील तर दोष आपला, म्हणजे डेटाबेस, लॉक, जीसी (जावाची मेमरीची साफसफाई) वगैरे. पहिला मोठा आणि दुसरा किरकोळ असेल तर दोष वाटेतला.

सोबत रिक्वेस्ट-लेंग्थ छापा, म्हणजे किती मोठं ओझं आलं होतं ते कळेल. लिनक्सवर टीसीपीइन्फो-आरटीटी हा व्हेरिएबलसुद्धा मिळतो, मायक्रोसेकंदात. खेड्यातलं नेटवर्क किती दमलंय ते त्यावरून दिसतं.

माझा अंदाज: हल्लीच्या फोनचा फोटो ४ एमबीचा असतो. अपलोडला १ एमबीपीएस मिळाले तरी अर्धा मिनिट जातो. सकाळी सातला अख्ख्या गावाचे फोन एकाच टॉवरवर, त्यात हा फोटो.

---

लोकल_८_१२ | मंगळवार, सकाळी ८:१९

मुक्ता, सुंदर प्रतिसाद. आमच्याकडे टॉमकॅटच्या आकड्यांवर डॅशबोर्ड बनवून ऑफिसच्या भिंतीवर टांगलाय. सगळं हिरवंगार. आज गेल्यावर विचारतो हे आकडे कुठल्या बाजूचे म्हणून.

---

जुना_जाणता | सकाळी ९:०२

वेळेचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. कॅपिटल डी टॉमकॅट ९ पर्यंत मिलिसेकंदात असतो. १० पासून तो मायक्रोसेकंदात आहे, अपाचे एचटीटीपीडीसारखा. एनजिन्क्स सेकंदात लिहितो, दशांशानंतर तीन घरं. म्हणजे तेच ४५ मिलिसेकंद एका लॉगमध्ये ०.०४५, दुसऱ्यात ४५ आणि अपग्रेड झाल्यावर ४५००० दिसतील. जिथे पाचशेच्या वर गेलं की मेसेज पाठव असा अलार्म लावलेला असतो तिथे अपग्रेडच्या रात्री काय होतं याची कल्पना करा.

भीमाकाठचे यांना ही भीती इतक्यात नाही. त्यांचं वॉर जुनं आहे. १० वर जायचं म्हणजे कोडमधली सर्व्हलेट वगैरे जावाएक्सची पॅकेजं जकार्ता या नावाने बदलावी लागणार, ते कोण करतंय.

आता तिसरा प्रश्न. बॉडी लॉग करू नका. साहेबांना नाही म्हणा. रिक्वेस्ट लॉग हा यंत्रणेची तब्येत बघायला असतो, कोर्टात पुरावा म्हणून द्यायला नाही. २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, आठवतंय? कुणी हल्ला केला नव्हता. पासवर्डचा हॅश (उलट वाचता न येणारं रूप) होण्याआधीच तो आतल्या एका लॉगमध्ये जसाच्या तसा लिहिला जात होता. एवढ्या मोठ्या कंपनीला ते वेळेत दिसलं नाही, आपल्याला काय दिसणार.

---

सातारी_कंदी | सकाळी १०:४७

जाणते, एवढं सरसकट नका म्हणू. मी पेमेंटच्या क्षेत्रात आहे. पेमेंट गेटवेकडून जो कॉलबॅक (व्यवहाराचं काय झालं ते कळवणारी रिक्वेस्ट) येतो त्याची बॉडी आम्ही जशीच्या तशी ठेवतो, आणि ठेवलीच पाहिजे. पैसे कापले गेले, ऑर्डर लागली नाही, गेटवे म्हणतो आम्ही कळवलं होतं. अशा वेळी त्यांनी नेमके कुठले बाइट पाठवले हे हातात नसेल तर तुम्ही काय भांडणार? डिजिटल सही तपासायची तर एखादी स्पेससुद्धा बदललेली चालत नाही. पार्स करून टेबलात टाकलेलं कामाचं नाही.

भीमाकाठच्या साहेबांची गरज अगदी हीच आहे. केंद्राने काय पाठवलं ते बघायचंय. त्यात हसण्यासारखं काय आहे?

---

जुना_जाणता | सकाळी ११:३०

हसलो नाही, नाही म्हणा म्हटलं.

कंदीसाहेब, तुम्ही सांगताय ते मान्य, पण ते तुम्ही ॲक्सेस लॉगमध्ये ठेवता का? नाही ठेवत. एका ठरावीक यूआरएलवर येणारा, ठरावीक पक्षाने पाठवलेला मजकूर तुम्ही वेगळ्या टेबलात, मोजक्या लोकांच्या हातात ठेवता. "प्रत्येक रिक्वेस्ट बॉडीसकट" हे प्रकरण निराळं आहे. त्यात लॉगिनचा पासवर्ड आला, सभासदाचं बँक खातं आलं, आधार आला, फोटोचे मेगाबाइट आले. आणि ती फाइल वाचायचा अधिकार कोणाकडे? सपोर्टला बसलेल्या प्रत्येकाकडे.

---

सातारी_कंदी | सकाळी ११:४४

हो, वेगळ्या टेबलात ठेवतो. एनक्रिप्ट करून, आणि मुदत संपली की पुसतो. कार्डाचा सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर पीसीआयच्या (कार्ड उद्योगाचं सुरक्षा मानक) नियमानुसार कुठेच ठेवता येत नाही. लॉगमध्येही नाही. तिथे आपलं एकमत आहे.

पण मग साहेबांना नुसतं नाही म्हणू नका, पर्याय द्या.

---

मुक्ता_के | दुपारी १२:२०

पर्याय म्हणजे ऑडिट टेबल. कुठल्या लॉगिनने, कधी, कुठली नोंद भरली किंवा बदलली, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, आणि रिक्वेस्ट आयडी. शेवटचा रकाना विसरू नका, त्यावर खाली लिहिते. ही नोंद दुधाच्या नोंदीबरोबर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जायला हवी, म्हणजे एक आहे आणि दुसरी नाही असं होणार नाही. केंद्राला लगेच पावती क्रमांक आणि भरलेले लिटर दाखवा. वाद बहुतेक वेळा पडद्यावर काय दिसलं होतं यावरून असतो, वायरवरून काय गेलं यावरून नाही.

रिक्वेस्ट आयडीबद्दल. एनजिन्क्समध्ये १.११.० पासून रिक्वेस्ट-आयडी व्हेरिएबल आहे. प्रत्येक रिक्वेस्टला ३२ अक्षरांचा वेगळा आयडी मिळतो. तो एनजिन्क्सच्या लॉगमध्ये छापा, एक्स-रिक्वेस्ट-आयडी हेडरमधून मागे पाठवा, टॉमकॅटच्या पॅटर्नमध्ये तोच हेडर छापा, आणि एका छोट्या फिल्टरने तो एमडीसीमध्ये (थ्रेडला चिकटवलेली लॉगसाठीची माहिती) घाला म्हणजे लॉगबॅकच्या, म्हणजे ॲपचा लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीच्या, प्रत्येक ओळीवर आपोआप येईल. केंद्रवाल्याचा फोन आला की एक आयडी ग्रेप करायचा, म्हणजे फाइलींत शोधायचा, तिन्ही फाइलींतल्या ओळी समोर.

फिल्टरमध्ये फायनली ब्लॉकात एमडीसी पुसायला विसरू नका. टॉमकॅटचे थ्रेड पुन्हा पुन्हा वापरले जातात. नाही पुसला तर बार्शीच्या केंद्राचा आयडी करमाळ्याच्या एररवर चिकटतो. आणि तुमच्या कोडने काम दुसऱ्या थ्रेड पूलकडे दिलं असेल तर तिथे एमडीसी आपोआप जात नाही, हाताने न्यावा लागतो.

---

पडवळ | दुपारी १२:२६

बार्शी-करमाळ्याची ही भांडणं लॉगच्या आधीपासूनची आहेत.

---

नवशिकी | दुपारी १:१०

कुणी हसू नका. ॲक्सेस लॉगमध्ये आयपीनंतर दोन डॅश असतात ते कशाचे? आमच्याकडे सगळ्या ओळींत तसेच आहेत. आणि टेल लावून (फाइलीत नव्या ओळी येताना बघत) बसलं की बराच वेळ काहीच येत नाही, मग एकदम ढीगभर ओळी येतात. सर्व्हर अडकतो का?

---

रात्रपाळी | दुपारी १:५५

हसायचं काय त्यात. दुसरा डॅश यूझरचा. कंटेनरच्या स्वतःच्या ऑथेंटिकेशनने लॉगिन झालं असेल तर तिथे नाव येतं. तुमचं लॉगिन ॲप्लिकेशन स्वतः सांभाळत असेल तर डॅशच राहणार. पहिला डॅश आयडेंटचा. १९९३ चा आरएफसी १४१३, पलीकडच्या मशिनला विचारायचं की हे कनेक्शन तुझ्या कुठल्या यूझरचं. टॉमकॅट ते विचारतच नाही, कायम डॅश लिहितो. जुने पार्सर रकाने मोजून वाचतात म्हणून जागा तेवढी राहिलीय.

सर्व्हर अडकत नाही. बफर्ड हे ॲट्रिब्यूट मुळात ट्रू असतं, त्यामुळे ओळी मेमरीत साठतात आणि मागे चालणारा थ्रेड साधारण दहा सेकंदांनी त्या फाइलीत ओततो. तपासणीपुरतं फॉल्स करा, पण प्रॉडक्शनवर राहू दे. फक्त किल मायनस नऊ मारलंत तर शेवटच्या काही ओळी जातात, आणि नेमक्या त्याच हव्या असतात.

आणखी एक: ओळींचा क्रम बघून गोंधळू नका. टॉमकॅट वेळ छापतो ती रिक्वेस्ट संपतानाची. सात वाजता सुरू होऊन सात-दोनला संपलेली रिक्वेस्ट सात-दोनच्या ओळींत सापडेल. सुरुवातीची वेळ हवी असेल तर वेळेच्या फॉरमॅटला बिगिन हा उपसर्ग लावता येतो.

---

म्हापशेकर | दुपारी ३:०८

आमच्या हॉटेल बुकिंगच्या ॲपात स्प्रिंग बूट आहे. ॲक्सेस लॉग एनेबल्ड ट्रू केला, पण फाइल लॉग्ज फोल्डरात कुठेच नाही. मग शोधल्यावर टीएमपीमध्ये टॉमकॅट डॉट ८०८० अशा लांबलचक नावाच्या फोल्डरात मिळाली. कुणाला उपयोग होईल म्हणून सांगतो: सर्व्हर डॉट टॉमकॅट डॉट बेसडिर दिलं नाही तर स्प्रिंग बूट तात्पुरतं फोल्डर बनवतं, आणि लॉगचा पत्ता त्याच्या आत. किंवा ॲक्सेसलॉगच्या डिरेक्टरीला पूर्ण पाथ द्या. टीएमपीची साफसफाई करणारा प्रोग्राम लॉगसकट झाडून नेतो. वर रात्रपाळींनी सांगितलेलं रिक्वेस्ट-ॲट्रिब्यूट्स-एनेबल्ड इथेही वेगळं चालू करावं लागतं.

शिवाय एक प्रश्न. लॉग १८० दिवस ठेवायचा म्हणतात तो नियम आपल्यासारख्या लहानांना आहे का?

---

सातारी_कंदी | दुपारी ३:४०

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत आहे तो. सर्व्हिस प्रोव्हायडर, डेटा सेंटर, कंपन्या, सरकारी संस्था अशा सगळ्यांनी आपल्या आयटी यंत्रणांचे लॉग चालू १८० दिवसांचे ठेवायचे. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायची. लहान उद्योगांना सुरुवातीला थोडी मुदतवाढ मिळाली होती, सूट नव्हे.

जागेची भीती बाळगू नका. समजा दिवसाला ३ लाख रिक्वेस्ट आणि ओळ ३०० बाइटची. रोजचे ९० एमबी, १८० दिवसांचे १६ जीबी. जीझिप केल्यावर असला मजकूर साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. बॉडी लिहायला लागलात तर मात्र हा हिशेब फाडून टाका. (बघा जाणते, तुमच्या बाजूने बोललो.)

---

रात्रपाळी | दुपारी ४:१२

टॉमकॅट स्वतः फाइल रोज बदलतो, पण दाबत नाही आणि पुसतही नाही. मॅक्स-डेज मुळात उणे एक, म्हणजे कायम ठेव. क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) जीझिप करत असाल तर लक्षात घ्या, मॅक्स-डेज फाइलीच्या नावाची सुरुवात आणि शेवट बघून पुसतो. शेवट जीझेड झाला की ती फाइल त्याच्या लेखी परकी. ती तुमच्या क्रॉननेच पुसायची.

एनजिन्क्सचं उलट आहे. तो स्वतः फिरवत नाही, लॉगरोटेट लागतं, आणि फाइल हलवल्यावर त्याला यूएसआर१ सिग्नल द्यावा लागतो. न देता जुनी फाइल पुसली की डीएफ कमांडमध्ये डिस्क भरलेली आणि डीयू कमांडमध्ये रिकामी दिसते. पुसलेली फाइल प्रोसेसने उघडीच धरून ठेवलेली असते. एलएसओएफ प्लस एल१ केलं की सापडते.

---

अमृता_म्युनिक | संध्याकाळी ६:३३

इकडे जर्मनीत नेमकं उलटं भांडण असतं. तुम्हाला किमान किती दिवस ठेवायचा हा प्रश्न, आम्हाला जास्तीत जास्त किती दिवस ठेवता येतो हा. युरोपीय न्यायालयाने २०१६ च्या ब्रायर खटल्यात बदलता आयपीसुद्धा वैयक्तिक माहिती ठरू शकतो असं म्हटलं. त्यामुळे आमच्या लॉगमध्ये आयपीचा शेवटचा आकडा शून्य करून लिहितो, एनजिन्क्सच्या मॅपने जमतं. पूर्ण आयपी फक्त सुरक्षेच्या वेगळ्या लॉगमध्ये, थोडे दिवस.

भीमाकाठचा, एक विचारते. तुमच्या यूआरएलमध्ये काय काय जातं ते पाहिलंत का? बॉडी नाही लिहिली तरी पॅटर्नमधल्या स्मॉल आरने रिक्वेस्टची अख्खी पहिली ओळ छापली जाते, क्वेरी स्ट्रिंगसकट (यूआरएलमधला प्रश्नचिन्हानंतरचा भाग). जुन्या वॉरमध्ये टोकन, मोबाईल नंबर, काहीही गेट रिक्वेस्टच्या यूआरएलमध्ये सापडतं.

---

भीमाकाठचा | रात्री ९:१५

अमृताताई, तुम्ही म्हणालात म्हणून ग्रेप केलं. आहे. सभासदाचा मोबाईल नंबर आणि पासवर्ड रीसेटचं टोकन, दोन्ही यूआरएलमध्ये. आणि आमचा सपोर्टचा मुलगा हीच फाइल व्हॉट्सॲपवर पाठवतो "दादा हे बघा काय एरर आहे" म्हणून.

---

अमृता_म्युनिक | रात्री ९:४८

मग आजच स्मॉल आर काढा. त्या जागी मेथड, पाथ आणि प्रोटोकॉल हे तिघं वेगवेगळे छापा: स्मॉल एम, कॅपिटल यू, कॅपिटल एच. क्वेरी गळून पडते. कम्बाइन्ड फॉरमॅट वापरत असाल तर रेफररमधूनही तेच टोकन पुढच्या ओळीत येतं, तोही बघा. एनजिन्क्समध्ये रिक्वेस्टऐवजी मेथड आणि यूआरआय छापा. रिक्वेस्ट-यूआरआय नको, त्यात क्वेरी असते.

नियमांची भाषा हवी असेल तर भारतातही २०२३ चा डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण) कायदा आहेच. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे त्यात. साहेबांना तिसऱ्या प्रश्नासाठी हा आकडा दाखवा.

---

पडवळ | रात्री ९:५५

२५० कोटी! अख्ख्या तालुक्याचं दूध विकलं तरी...

---

लोकल_८_१२ | रात्री १०:३०

अवांतर: हेडर लॉग करण्यावरून २०२१ च्या डिसेंबरातला लॉगफोरशेलचा गोंधळ आठवला. यूझर-एजंटमध्ये एक चमत्कारिक मजकूर पाठवायचा, ॲपने तो लॉगफोरजे २ या जावाच्या लॉग लायब्ररीने लिहायला घेतला की खेळ खलास. त्या शनिवार-रविवारी आमच्या बिल्डिंगमधले निम्मे दिवे रात्रभर चालू होते. आधी २.१५, मग २.१६, मग २.१७. दर थोड्या दिवसांनी नवा पॅच.

---

जुना_जाणता | रात्री १०:४४

आणि तेव्हा बरेच जण घाबरून टॉमकॅटचा ॲक्सेस लॉगच बंद करत होते. त्याची गरज नव्हती. ॲक्सेस-लॉग-व्हॉल्व्ह फाइलीत स्वतःच लिहितो, लॉगफोरजेमधून जात नाही. धोका होता तो ॲपमधल्या "आलेला हेडर छापून ठेव" या ओळींना.

धागाकर्त्याचं काय झालं ते कळू द्या पण.

---

भीमाकाठचा | शुक्रवार, रात्री ८:२०

सर्वांचे आभार. बुधवारी रात्री बदल चढवले, दोन सकाळींचे लॉग बघून लिहितोय.

आयपी खरे दिसू लागले. रात्रपाळी, ते एकच ॲट्रिब्यूट मी शेवटपर्यंत शोधत बसलो असतो.

मुक्ताताई, तुमचा अंदाज तंतोतंत. फोटो चढवायच्या यूआरएलवर सकाळी साडेसहा ते साडेसात रिक्वेस्ट-टाइम १४ पासून ४० सेकंदांपर्यंत, आणि शेजारी अपस्ट्रीम ०.०६. नुसते आकडे भरायच्या यूआरएलला, फोटो नसताना, दोन्ही वेळा जवळपास सारख्या. म्हणजे सर्व्हरची रॅम वाढवायचं जे कोटेशन मागवलं होतं ते रद्द. आता फोनवरच फोटो लहान करून पाठवायचा, जावास्क्रिप्टने कॅनव्हासवर घेऊन.

साहेबांशी बोललो. २५० कोटी ऐकून ते हसले, पण सपोर्टच्या मुलाने व्हॉट्सॲपवर टाकलेली फाइल दाखवली आणि त्यात त्यांचाच मोबाईल नंबर निघाला, तेव्हा हसू थांबलं. ऑडिट टेबलाला परवानगी मिळाली. बॉडी कुठेच नाही. कंदीसाहेब, कच्चा मजकूर जपण्यासारखा आमच्याकडे फक्त एसएमएसवाल्यांचा कॉलबॅक आहे, तो तुमच्या पद्धतीने वेगळ्या टेबलात ठेवतोय.

एक नवीन सापडलंय. ४९९ स्टेटसच्या पुष्कळ ओळी. वाचलं की हा एनजिन्क्सचा स्वतःचा कोड आहे, ग्राहकाने वाट न बघता कनेक्शन तोडलं की येतो. केंद्रचालक वैतागून पुन्हा बटण दाबतात. आमच्याकडे दुबार नोंदी पडतात त्या यामुळेच ना?

---

मुक्ता_के | रात्री ९:०५

लगेच "ना" म्हणू नका. ४९९ च्या ओळींत अपस्ट्रीम-रिस्पॉन्स-टाइमच्या जागी काय आहे? डॅश असेल तर फोटो येता येताच त्यांनी पेज सोडलं, टॉमकॅटपर्यंत काही गेलंच नाही, दुबार नोंद व्हायचा प्रश्न नाही. आकडा असेल तर रिक्वेस्ट मागे पोचली होती. अशा वेळी एनजिन्क्स मागचं कनेक्शन सोडून देतो, पण सर्व्हलेटला (टॉमकॅटमध्ये रिक्वेस्ट हाताळणारा कोड) त्याची खबर नसते. तो डेटाबेसात नोंद करून मोकळा होतो, आणि दुसऱ्यांदा बटण दाबलं की दुसरी नोंद.

---

रात्रपाळी | रात्री ९:१२

दोन्हींत फॉर्मला एक युनिक क्रमांक देऊन टेबलावर युनिक इंडेक्स लावा. कारण काहीही निघो.

---

भीमाकाठचा | रात्री ९:५०

बघितलं. सकाळच्या ४९९ पैकी जवळजवळ सगळ्यांना डॅश आहे. म्हणजे या ओळींमुळे दुबार नोंदी पडत नाहीत. ज्या थोड्या ओळींत आकडा आहे त्या सगळ्या एकाच केंद्राच्या, आणि तेही आकडे भरायच्या पानावर, फोटोच्या नाही. हे तेच वादवालं केंद्र. उद्या सकाळी सातला तिथे जाऊन उभा राहतो.

---

पडवळ | रात्री ९:५३

किटली घेऊन जा.